सहावी ‘ब’ची सरासरी

दोन ऑगस्टला शाळेच्या बँक खात्यात अठरा हजार चारशे पन्नास रुपये जमा झाले. मुलांचा आहार आणि खेळ यांसाठी शाळांना मदत करणाऱ्या एका संस्थेने ते पाठवले होते. मी शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. अशी रक्कम आली की पावती करायची आणि मुख्याध्यापिकांना चिठ्ठी पाठवायची, एवढेच माझे काम. त्या दिवशी मात्र मी चिठ्ठी पाठवून थेट मैदानावर गेलो. मदतीचा अर्ज मी लिहिला होता आणि ज्यांच्यासाठी लिहिला होता, त्यांना ही बातमी तोंडी सांगावी असे मला वाटत होते.

त्यांना सगळी शाळा ड्रिलबाई म्हणे. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगाने काटक, उजवा गुडघा किंचित अधू. तरुणपणी त्या चारशे मीटर पळत. एका मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या आल्या, आणि पुढच्या स्पर्धेच्या सरावात गुडघा गेला. हे त्या आपण होऊन सांगत नसत. कोणी खोदून विचारलेच तर म्हणत, ‘पहिली आले असते तर तुमच्यासारख्यांशी बोलायला वेळ तरी मिळाला असता का?’ आमच्याकडे त्या मानधनावर होत्या. दर वर्षी नवे नेमणूकपत्र निघे आणि दर वर्षी त्या ते न वाचता सही करत. असे अकरा वेळा झाले.

त्यांची शिकवण्याची रीत इतरांपेक्षा वेगळी होती. शिट्टी त्यांना शाळेने दिली होती, ती टेबलाच्या खणात पडून असे. ‘पळा’ असे त्या कोणाला म्हणत नसत. स्वतः लंगडत पुढे निघत आणि मागे वळून म्हणत, ‘म्हातारी पुढे चालली, बघा बुवा.’ एवढ्यावर चाळीस पोरे उधळत. ज्यांच्या पायात बूट नसत त्यांच्यासाठी एक पोते होते. वरच्या वर्गातल्या मुलांचे आखूड झालेले कॅनव्हासचे बूट त्या मागून आणत, धूत, नाड्या बदलत आणि त्या पोत्यात ठेवत. पोत्यातून बूट घेताना कोणाला काही विचारावे लागत नसे, परत करतानाही नाही.

खाण्याच्या बाबतीतही तेच. मधल्या सुट्टीत त्या शिक्षकांच्या खोलीत न बसता मैदानाच्या पायऱ्यांवर डबा उघडत. त्यात गाजर, काकडी, उकडलेले अंडे, कधी मूठभर भाजलेले शेंगदाणे. हे खा, ते खाऊ नका, असे एक अक्षर त्या बोलत नसत. गाजर मात्र असे कडाकड चावत की शेजारी बसलेले मूल आपल्या हातातली तळलेल्या कापांची पुडी विसरून बघत राही. मग ते मागे. मागितल्यावर त्या देत, आधी नाही. भूगोलाचे सर एकदा म्हणाले की बाईंनी पुढचा जन्म सशाचा मागून घेतलेला दिसतो. बाई म्हणाल्या, ‘ससा निदान पळतो, सर. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर जाताना तीनदा टेकता.’ सर त्यावर स्वतःच सगळ्यात जास्त हसले, आणि त्या महिन्यापासून त्यांच्याही डब्यात काकडी दिसू लागली.

बाईंनी लग्न केले नव्हते. शाळेपासून वीस मिनिटांवर, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत त्या थोरल्या बहिणीबरोबर राहत. बहीण एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी आणि गणवेश इस्त्री करण्याच्या कामाला होती. सकाळी सहाला निघायची ती रात्रीचे जेवण आटोपल्यावरच घरी पोचायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्यांना एकच मुलगी, अकरा वर्षांची. जन्मली तेव्हाच गोल गरगरीत म्हणून आईने तिला गोटी म्हटले, आणि पुढे तेच नाव सगळ्यांच्या तोंडी राहिले.

बाप गेल्यावर गोटी घराबाहेर पडेनाशी झाली होती. टीव्हीसमोर बसायची, हाताला लागेल ते खायची, कोणी हाक मारली तर उशी तोंडावर घ्यायची. सहावी ‘ब’मध्ये तिला आमच्या शाळेत घातले, तेव्हा ती वर्गात सगळ्यात जड होती आणि सगळ्यात गप्पही. शेवटच्या बाकावर एकटीच बसायची. बाईंनी तिला कधी पळायला बोलावले नाही. चेंडूंच्या पेटीची किल्ली तिच्याकडे दिली. कोणी किती चेंडू नेले, किती आणले, हे वहीत लिहायचे काम तिचे. सहा आठवडे ती पेटीवर बसून राहिली. मग एका शनिवारी एक चेंडू घरंगळत पार मागच्या भिंतीपर्यंत गेला, आजूबाजूला कोणी नव्हते, आणि गोटी उठून त्याच्यामागे पळाली.

ही गोष्ट सांगायला बाई खास कार्यालयात आल्या होत्या. माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, पळाली. मी काही बोलले नव्हते. आपली आपण पळाली.’ मला त्यांच्या आयुष्यात दुसरे काही हवे असलेले कधी दिसले नाही. त्या मुलीने हसत मैदानावर यावे, एवढेच.

पैसे आल्याचे ऐकून त्यांनी आधी विचारले की फळांना पुरतील का. पुरणार होते. तीन महिन्यांची केळी आणि पेरू, नवे चेंडू, उड्या मारायच्या दोऱ्या, सगळे त्यात बसत होते. पण संस्थेची एक अट होती. दर महिन्याला मुलांची वजने घ्यायची आणि काय फरक पडला ते कळवायचे. ज्या वर्गाची प्रगती सगळ्यात चांगली, त्याला महिनाभर एक फिरती ढाल. ढाल आणि वजनकाटा दोन्ही खोक्यांतून आलेही होते.

काट्याचे खोके बघूनच बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी सरळ सांगितले की पैसे परत करा. त्यांचे म्हणणे असे की मुलाला एकदा काट्यावर उभे केले की ते खेळायला येत नाही, आकडा कमी करायला येते. जे जाडे असेल ते लाजेल आणि जे किडकिडीत असेल ते दुसऱ्याला हसेल. मुख्याध्यापिका वैतागल्या. आलेले पैसे परत पाठवणारी शाळा त्यांनी पाहिली नव्हती. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की भाऊसाहेब, तुम्हीच यातून काही वाट काढा.

मी काढली. आकड्यांची सवय असल्यामुळे मला ती अवघड वाटली नाही. कोणाचेही वजन नावानिशी कुठे लिहायचे नाही. वर्गशिक्षकांनी पडद्यामागे वजन घ्यायचे, चिठ्ठीवर फक्त हजेरी क्रमांक आणि आकडा, आणि चिठ्ठ्या बंद पाकिटात माझ्याकडे. मी वर्गाची बेरीज करून सरासरी काढणार, आणि फलकावर फक्त सरासरी लागणार. चिठ्ठ्या माझ्या कपाटात कुलपात. ढाल सरासरी सगळ्यात जास्त उतरवणाऱ्या वर्गाला. मी तक्ता आखून बाईंपुढे ठेवला. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवत तो वाचला.

‘नाव कुठेच नाही ना?’ त्यांनी विचारले.

‘कुठेच नाही. तुम्हालासुद्धा कळणार नाही कोण किती ते.’

‘काट्यापाशी मी उभी राहणार नाही.’

‘राहू नका. गरजच नाही.’

त्यांनी तक्त्याखाली उपक्रमप्रमुख म्हणून सही केली. एवढे चोख काम केल्याचे मला त्या दिवशी समाधान वाटले, हे इथे लिहून ठेवतो.

पहिले वजन ऑगस्टच्या मध्यावर झाले. सहावी ‘ब’ची सरासरी निघाली छत्तीस किलो चारशे ग्रॅम. सप्टेंबरमध्ये ती पन्नास ग्रॅमने वाढली आणि सहावी ‘ब’ शेवटून पहिली आली. ढाल शेजारच्या सहावी ‘अ’ने नेली आणि ‘अ’ची पोरे ती मिरवत मुद्दाम ‘ब’च्या दारावरून दोनदा गेली.

नेमके त्याच महिन्यात गणिताच्या सरांनी सरासरीचा पाठ घेतला. फलकावर रोज दिसणारे उदाहरण हाताशी असताना सर दुसरे कशाला शोधतील? वर्गात चौतीस मुले. प्रत्येकाने शंभर ग्रॅम कमी केले तर सरासरी शंभर ग्रॅमने उतरते, इथपर्यंत सरांनी सांगितले. पुढचे पोरांनी आपले आपण काढले. सगळ्यांनी थोडे थोडे कमी करण्यापेक्षा कोणी एकट्यानेच जवळजवळ साडेतीन किलो कमी केले तरी तेवढेच होते. आणि असे करू शकणारी वर्गात एकच मुलगी होती. हे समजायला कोणाच्या नावाची जरुरी नव्हती.

हे मला पुष्कळ उशिरा कळले, तेही वर्गातल्याच मुलींकडून. आधी जे दिसले ते मी खिडकीतून पाहिले, आणि पाहून खूश झालो. मधल्या सुट्टीत गोटी मैदानाला चकरा मारत असे आणि तिच्याभोवती सहा-सात मुली टाळ्या वाजवत पळत असत. कोणी तिचा हात धरी, कोणी तिची वेणी सावरी. शेवटच्या बाकावरून तिला मधल्या बाकावर आणून बसवले होते. तिची चेंडूंची वही दुसरी एक मुलगी लिहायची. गोटीला आता पेटीवर बसायला वेळ नव्हता.

डब्याचे मात्र खिडकीतून दिसत नव्हते. वर्गाने एक नियम केला होता. गोटीचा डबा सुट्टीआधीच उघडायचा, पाव एकीला, अंडे दुसरीला, बटाटा तिसरीला, आणि काकडीचे काप गोटीला. शाळेची केळी वाटली जात, तेव्हा तिच्या वाटणीचे केळे वर्गातली सगळ्यात बारीक मुलगी खायची, कारण तिचे वजन वाढले तरी वर्गाला परवडत होते. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. गोटी स्वतःच डबा पुढे करायची. तिला आयुष्यात एवढ्या मैत्रिणी पहिल्यांदा मिळाल्या होत्या.

घरी मावशी विचारी, डबा खाल्लास? ती रिकामा डबा दाखवी. संध्याकाळी मावशी वरच्या वर्गांचा सराव घेऊन येईपर्यंत ती ‘आईने करून ठेवलेलं मी जेवले’ म्हणून गादीवर पडलेली असे. उशिरा आई येई, तिला सांगे की मावशीबरोबर जेवण झाले. दोघी बहिणींना वाटे, पोर दुसरीच्या हातचे जेवली. फ्रॉक सैल व्हायला लागला तेव्हा आईने कमरेत टाके घातले. त्या वेळी बाई समोरच होत्या. त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले की टाके घालताना ताई दोन वर्षांनी हसली.

ऑक्टोबरमध्ये सहावी ‘ब’ची सरासरी छत्तीस किलो दोनशे पन्नास ग्रॅमवर आली आणि ढाल त्यांना मिळाली. बेरीज करताना क्रमांक एकोणीसचा आकडा बराच उतरलेला मला दिसला होता. आकडा बरोबर आहे ना, एवढे मी तपासले. क्रमांक एकोणीस कोण, हे हजेरीपटात बघणे मी आखलेल्या पद्धतीत बसत नव्हते, म्हणून बघितले नाही. बाईंनी ढाल वर्गाच्या हातात देताना गोटीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, शाब्बास. पोरीचा चेहरा असा उजळला की पुढच्या रांगेतल्या शिक्षिकेनेही टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरचे वजन एका बुधवारी सकाळी होते. आदल्या दुपारपासून गोटीने पाणीसुद्धा घेतले नव्हते. पाण्याचेही वजन असते, हे तिला कोणीतरी सांगितले होते. वर्गशिक्षिकेने आकडा लिहिला. गोटी काट्यावरून उतरली, ‘किती?’ म्हणून तिने विचारले आणि पडद्यासकट खाली आली. पायरीवर तोंड आपटून पुढचा दात तुटला. मी कार्यालयातून धावत गेलो तेव्हा बाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांनी तिचा हात मनगटाशी धरून पाहिला असावा. आपली दोन बोटे तिच्या मनगटाला सहज वेढतात, हे त्या बघत होत्या. पुन्हा पुन्हा बघत होत्या.

रुग्णालय तेच, जिथल्या धुलाईघरात तिची आई काम करत होती. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सलाईन लावले, तपासण्या लिहिल्या आणि मग बाहेर येऊन विचारले की हा काय प्रकार आहे. मी सगळे सांगितले, तक्त्यासकट. त्यांनी ऐकून घेतले.

‘अकराव्या-बाराव्या वर्षी मुलांचं वजन वाढायलाच हवं,’ त्या म्हणाल्या. ‘उंची वाढते, हाडं वाढतात. जाड मुलाचंही एवढ्या झपाट्याने उतरवायचं नसतं. तुमच्या शाळेत जो वर्ग शेवटून पहिला येत होता, तोच नीट वाढत होता.’

मी तीस वर्षे आकडे मांडतो आहे. कुठला आकडा चढणे चांगले आणि कुठला उतरणे चांगले, हे मी एकदाही कोणाला विचारले नव्हते.

एवढ्यात बहीण आली. इस्त्रीच्या वाफेने चेहरा लाल, अंगावर कामाचा निळा झगा तसाच. ती आत जाऊन मुलीला बघून आली आणि दारातच थांबली. बाई उभ्या राहिल्या.

‘तू तिला पळायला शिकवलंस,’ बहीण हळू आवाजात म्हणाली. ‘उपाशी राहायला कोणी शिकवलं गं?’

मी तिथेच होतो. तक्ता कोणी आखला हे त्या सांगू शकल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मीही त्या वेळी तोंड उघडले नाही.

व्यवस्थापन समितीने चौकशी केली, तेव्हा मात्र मी सांगितले की पद्धत माझी होती. अध्यक्ष म्हणाले की लिपिकाने तक्ता आखणे हे त्याचे कामच आहे, प्रश्न सहीचा आहे. मी दुसऱ्यांदा आग्रह धरला नाही. मला निवृत्तीला चौदा महिने उरले होते. टिपणात माझे नाव आले नाही. बाईंना काढून टाकले असे कुठे लिहिलेले नाही. बारावे नेमणूकपत्र निघाले नाही, एवढेच.

चौकशीनंतर दोन दिवसांनी सहावी ‘ब’च्या तीन मुली ढाल घेऊन कार्यालयात आल्या. ठेवायची कुठे, हे त्यांना कोणी सांगत नव्हते. गोटीचे अंडे जिच्या वाट्याला यायचे, ती मुलगी त्यांच्यात होती. सगळे तिनेच सांगितले, एकेक वाटणी, बोटांवर मोजत. सांगून झाल्यावर म्हणाली, ‘भाऊसाहेब, आम्ही फसवलं नाही ना? सरासरी खरीच कमी झाली होती.’ मी म्हणालो, खरीच. ढाल मी ठेवून घेतली. शिपाईमामांनी त्यांना पाणी दिले आणि त्या गेल्या.

गोटी नऊ दिवसांनी घरी आली. वजन हळूहळू भरत गेले, पण ती कोणासमोर जेवेनाशी झाली. ताट घेऊन मोरीत जायची, दार लावून घ्यायची. आई दाराबाहेर बसून आवाज ऐकायची, चावल्याचा, गिळल्याचा. फेब्रुवारीत आईला दुसऱ्या गावी एका रुग्णालयात तसेच काम मिळाले आणि ती मुलीला घेऊन गेली. जाताना बहिणी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरे झाले असते, असे बाई नंतर म्हणाल्या.

मी गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. अकरा वर्षांच्या नोकरीचा दाखला टपालाने पाठवता आला असता. गिरणी चालू होती, जिन्यावर पिठाचा थर होता, जमीन पायाखाली थरथरत होती. बाई आता एका तरणतलावावर कपडे ठेवायच्या खोलीत काम करतात. टोकन द्यायचे, पिशवी खुंटीला लावायची. मुले येतात का, मी विचारले. येतात म्हणाल्या. त्यांच्याशी बोलता का, तर म्हणाल्या, टोकनाचा नंबर सांगते.

मग मी ते सांगितले, ज्यासाठी खरे म्हणजे गेलो होतो. म्हणालो की त्या दिवशी रुग्णालयात मी बोलायला हवे होते. तुमच्या बहिणीला अजूनही पत्र लिहीन, पत्ता द्या.

‘नको,’ त्या म्हणाल्या. ‘मग ती तुमच्यावर रागवेल. माझ्यावरचा राग कमी होईल असं थोडंच आहे? शाब्बास मी म्हटलं होतं, भाऊसाहेब. तुमच्या कागदावर ते नव्हतं.’

त्यांनी दाखला न वाचताच कपाटात ठेवला. गोटी कशी आहे, हे विचारायचा मला धीर होत नव्हता. त्यांनीच सांगितले. ‘रोज संध्याकाळी सातला फोन करते. जेवलीस का विचारते. ती हो म्हणते. मग दोघी गप्प. फोन ठेवत मात्र नाही कोणी.’

खाली उतरताना त्या जिन्यापर्यंत आल्या. माझ्याकडे मोठी नोट होती आणि बसचा वाहक सुटे मागतो म्हणून त्यांनी आपल्या पाकिटातून बारा रुपये काढून दिले. त्यानंतर माझे तिकडे जाणे झालेले नाही. बारा रुपये द्यायचे राहिले आहेत.